‘वऱ्हाडी’ नीट छापायचे असतील तर

प्रश्न: मुलीच्या लग्नाची पत्रिका मराठीत लिहून छापखान्यात दिली. प्रूफमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे आले, ‘वऱ्हाडी’चं ‘वर्हाडी’ झालं. इंदुरात मराठी नीट छापून मिळतच नाही का?
– एक वाचक, रामबाग

उत्तर: मिळतं, पण मराठीपण फाइलमध्ये आपणच भरून द्यावं लागतं. इथल्या ऑपरेटरचा हात हिंदीवर बसलेला असतो, त्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

‘ल’ आणि ‘श’चा टायपिंगशी संबंध नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरक्रमांकांच्या यादीत, उभ्या दंडाचा हिंदी ‘ल’ आणि आपला पाकळीचा ‘ल’ यांचा क्रमांक एकच. दिसायचा कुठला, ते फॉन्ट ठरवतो. काही फॉन्टांत दोन्ही रूपं असतात, पण न सांगता हिंदी रूप पुढे येतं. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर निवडून कॅरेक्टर पॅनेलमधली भाषा मराठी केली की अशा फॉन्टांत अक्षर बदलतं. त्यापेक्षा सरळ ‘तिरो देवनागरी मराठी’ वापरा. गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो आणि मुळातच मराठी वळणाचा आहे. कुणी हुज्जत घातलीच, तर पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या निर्णयातही आहेत.

‘वऱ्हाडी’चं दुखणं मात्र टायपिंगचंच. साध्या ‘र’चा पाय मोडून ‘ह’ जोडला की डोक्यावर रफार चढतो. इथे खाली टिंब असलेला ‘ऱ’ हवा. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे, मग डी, मग यू. ‘सुऱ्या’, ‘नवऱ्या’लाही हीच युक्ती, फक्त शेवटी ‘य’.

छापखाना मजकूर कृतिदेव या युनिकोड नसलेल्या जुन्या हिंदी फॉन्टमध्ये बदलून घेणार असेल तर ती पायरीच टाळा. त्या रूपांतरात जोडाक्षरं हमखास विस्कटतात. अक्षरं आउटलाइन केलेली (अक्षरांचे आकार झालेली, फॉन्ट न लागणारी) पीडीएफ द्या आणि दुरुस्तीसाठी मूळ फाइल जपून ठेवा. ‘विवाह’ची वेलांटी ‘व’च्या मागे जाऊन पडत असेल, तर इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (आपल्या लिप्यांची जोडणी सांभाळणारी सेटिंग) निवडायचा राहिलाय. आणि ओळींत जागा सोडा: १२ पॉइंटाच्या अक्षराला १८ पॉइंट. आपोआप मिळणाऱ्या १२० टक्क्यांत वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो.

प्रश्न: ३०० जीएसएम (ग्रॅम प्रति चौरस मीटर) आर्ट कार्डावर गडद मरून रंगाची, ५ × ७ इंचाची घडीची पत्रिका केली. घडीवर रंग फुटून पांढरी रेघ दिसते.
– एक वाचक, लोकमान्यनगर

उत्तर: कागदाला लाकडासारखी धार असते, तंतू एका दिशेने पडलेले असतात. घडी धारेला आडवी गेली की तंतू मोडतात आणि वरचा लेप रंगासकट तडकतो.

आता हिशेब पाहा. उघडी पत्रिका १० × ७, ब्लीड (कापताना निघून जाणारा जादा काठ) धरून १०.२५ × ७.२५. २३ × ३६च्या शीटमध्ये १०ची बाजू ३६वर टाकली तर ९ पत्रिका बसतात. ७ची टाकली तर ८. छापखाना अर्थातच ९ बसवतो. पण शीटची धार बहुधा लांब बाजूने असते, त्यामुळे ९च्या मांडणीत प्रत्येक घडी धारेला आडवी जाते. ४०० पत्रिकांना ९ने ४५ शीट लागतात, ८ने ५०, नासधूस वेगळी. म्हणजे सगळा घोळ पाच शीट वाचवण्यापायी! ऑर्डर देतानाच ‘घडी धारेच्या बाजूने’ असं लिहून द्या.

धार ओळखायला एकाच शीटमधून उभी आणि आडवी अशा दोन सारख्या पट्ट्या कापा, टोकाशी एकत्र धरा. कमी वाकेल तिच्या लांबीत धार आहे.

एवढ्या जाड कार्डाला क्रीजिंग (घडीच्या जागी आधी दाबून खाच पाडणं) लागतंच, आणि क्रीजचा फुगवटा घडीच्या आत यायला हवा. मे महिन्यात कोरडा पडलेला कागद जास्तच तडकतो. मरूनच हवा असेल, तर छापलेल्या रंगाऐवजी आरपार रंगलेलं कार्ड घ्या आणि वर सोनेरी फॉइल मारा. घडी फुटली तरी आतून मरूनच दिसेल.

प्रश्न: काळ्या बारीक अक्षरांभोवती रंगीत सावली दिसते.
– एक वाचक, राजेंद्रनगर

उत्तर: तुमचा काळा चार शायांचा मिळून झालाय. आरजीबी (पडद्यावरच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांचा) काळा सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांत) बदलला की असंच होतं. एका शाईची प्लेट केसभर सरकली की कडा रंगतात. अक्षरांना के (काळी शाई) १०० आणि बाकी तिन्ही शून्य ठेवा, ओव्हरप्रिंट लावा, म्हणजे काळा खालच्या रंगावरच छापला जाईल.