पोस्टग्रेस डेटाबेस डेबियन लिनक्सवरून अल्पाइन लिनक्सवर नेल्यावर जुन्या नोंदी सापडेनाशा का झाल्या?

नोंदी कुठेही गेलेल्या नाहीत. पण आधी तो अल्पाइनचा कंटेनर बंद करा, नवीन काही लिहिलं जाऊ देऊ नका.

तुम्ही फक्त इमेज (कंटेनर ज्यावरून उभा राहतो तो साचा) बदललीत आणि डेटा फोल्डर तोच ठेवलात. आता नावाने शोधलं की ग्राहक 'नाही' म्हणून येतो, सगळं टेबल चाळलं की दिसतो. हा उद्योग मीही करून बसलोय. सुरुवातीला परवानगीची चूक आली (पोस्टग्रेसचा यूआयडी, म्हणजे वापरकर्ता क्रमांक, डेबियन इमेजमध्ये ९९९, अल्पाइनमध्ये ७०), ती फाइलींचा मालक बदलणाऱ्या चाऊन कमांडने मिटवली आणि खुशाल झोपलो.

पोस्टग्रेसला कोलेशन (शब्द क्रमाने लावण्याचे नियम) वेगळं सांगितलेलं नसलं, तर शब्दांचा क्रम ते लिनक्सच्या सी लायब्ररीला विचारतं. डेबियनची सी लायब्ररी ग्लिबसी भाषेच्या नियमांनी उत्तर देते. अल्पाइनची सी लायब्ररी 'मसल' लोकेलचं (भाषेच्या सेटिंगचं) कुठलंही नाव निमूट मान्य करते आणि तुलना मात्र बाइटनुसार, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या संकेतांकांनी, करते. म्हणून चूक दाखवत काहीच थांबत नाही. १५ पासूनच्या आवृत्तीत लॉगमध्ये कोलेशनचा एक इशारा येतो, तो कोण वाचतो! इंडेक्स (झटपट शोधासाठीची क्रमवार सूची) जुन्या क्रमाने रचलेला, शोध नव्या क्रमाने. डावीकडे वळायचं तिथे उजवीकडे वळतो. त्याहून वाईट म्हणजे दुबार नोंदी अडवणाऱ्या युनिक इंडेक्सला जुनी नोंद दिसत नाही आणि दुबार नोंद आत शिरते.

मसलला नावं ठेवू नका. २०१८ मध्ये ग्लिबसी २.२८ ने स्वतःचेच क्रम बदलले, तेव्हा डेबियन-रेडहॅटवाल्यांचेही इंडेक्स असेच बिघडले.

आता जुन्या इमेजवर परत जा. इंडेक्स स्कॅन बंद ठेवून दुबार नोंदी शोधा, त्या निस्तरा, मग सगळा डेटाबेस रीइंडेक्स करा, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधा. अल्पाइनवर असताना घातलेल्या नोंदी इंडेक्समध्ये चुकीच्या जागी बसल्यात.

अल्पाइनच हवं असेल तर पीजी-डंप (डेटाबेसची प्रत) काढा, १५ किंवा पुढच्या आवृत्तीत नवा डेटाबेस मांडणाऱ्या इनिटडीबीला आयसीयू (युनिकोडची भाषा-नियमांची लायब्ररी) प्रोव्हायडर आणि मराठी लोकेल द्या, आणि त्यात डंप भरा. आयसीयू स्वतःचे नियम घेऊन येतं, सी लायब्ररी कुठली याने क्रमाला फरक पडत नाही. नुसत्या मसलवर 'काळे' हे 'काशीकर'च्या आधी लागतात, कारण युनिकोडमध्ये ळ हा ल ला चिकटून आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. आयसीयूची आवृत्ती बदलली की मात्र पुन्हा रीइंडेक्स आलंच.