भुसावळच्या क्वार्टरला घरचे 1 लाख 80 हजार लावावेत का?

भुसावळच्या लोको शेडमधले एक भाऊ लिहितात: "वय 54, बेसिक 58,600, निवृत्तीला सहा वर्षं. रेल्वे क्वार्टरमध्ये मी, बायको, मुलगी आणि 78 वर्षांची आई राहतो. पीएफमधून 1,80,000 काढून काम करायचं आहे. मागच्या अंगणात पत्र्याची खोली 78 हजार, ग्रॅनाइटचा ओटा आणि टाइल्स 55 हजार, पुढच्या खोलीत फरशी 25 हजार, संडासात कमोड आणि धरायला दांडी 22 हजार. शेजारी म्हणतो, परवानगी कोण विचारतो, करून टाका. वरणगावला प्लॉट घेऊन ठेवलाय, अजून बांधलेला नाही. काय करू?"

भाऊ, आधी आईचं. कमोडच्या 22 हजारांचा हिशोब मी करणारच नाही. या वयात उकिडवं बसताना तोल गेला आणि खुब्याचं हाड मोडलं तर पैसा बाजूला राहू द्या, माय अंथरुणाला खिळेल. परवानगी यायला वेळ लागेल. तोवर मेडिकलवाल्याकडून कमोडची खुर्ची आणा, ती आहे त्या भांड्यावर बसते आणि तिला कोणाची परवानगी लागत नाही. आज संध्याकाळीच आणा.

उरलेल्या 1,58,000 बद्दल मात्र माझं मत वेगळं आहे.

पीएफला सध्या 7.1 टक्के व्याज आहे. आज हे 1,58,000 काढले नाहीत आणि दर असाच राहिला, तर सहा वर्षांनी तेच 2,38,000 च्या वर जातात, तेही करमुक्त. काढून भिंतीला लावले तर 72 महिन्यांत नुसती मुद्दलच महिन्याला जवळपास 2,200 पडते. शिवाय क्वार्टर घेतल्यामुळे तुम्ही घरभाडे भत्ता सोडलाय. त्या भत्त्यासाठी शहरांचे वर्ग केलेले आहेत, त्यात भुसावळ झेड वर्गात येतं, म्हणजे 10 टक्क्यांनी महिन्याला 5,860. दोन्ही मिळून जवळपास 8,060 होतात. एवढ्यात शहरात एक खोली जास्तीची असलेली भाड्याची जागा मिळते का, याची वहिनींना घेऊन एकदा चौकशी करा. शेड लांब पडेल, मुलीचा क्लास लांब पडेल, हे मला कळतं. पण आकडा माहीत असू द्या.

पत्र्याच्या खोलीला माझा साफ नकार आहे. क्वार्टरमध्ये तुम्ही राहता ते रेल्वेच्या परवान्यावर. जागा रेल्वेची, भिंतही रेल्वेचीच. विनापरवाना बांधकाम पाडण्याचा अधिकार सार्वजनिक जागांच्या 1971 च्या कायद्यानं प्रशासनाला दिलेला आहे आणि पाडण्याचा खर्चही तुमच्याकडूनच वसूल होतो. वर खातेनिहाय कारवाई सुरू झाली तर निवृत्तीच्या तोंडावर ती कोणाला परवडते? शेजाऱ्याचं बांधकाम अजून उभं आहे म्हणजे ते मंजूर आहे असं नाही. आणि एक सांगा, मे महिन्यात पारा 45 कडे जातो तेव्हा त्या पत्र्याखाली बसणार कोण?

ओट्याचं आधी तुमच्या खर्चानं ठरवूच नका. दगड फुटलाय, पाणी झिरपतंय, तर ती दुरुस्ती रेल्वेची आहे. आयओडब्ल्यू ऑफिसच्या, म्हणजे क्वार्टरची दुरुस्ती बघणाऱ्या ऑफिसच्या, तक्रार रजिस्टरमध्ये नोंद करा, तारीख टिपून ठेवा. महिना-दीड महिन्यात कोणी फिरकलं नाही तर कॉलनी केअर कमिटीकडे किंवा तुमच्या युनियनकडे जा. क्वार्टरचे प्रश्न पीएनएमच्या, म्हणजे युनियन आणि प्रशासनाच्या ठरलेल्या, बैठकीत घेतले जातात. नुसती जागाच कमी पडत असेल तर स्टीलचं टेबल आणि सुटी ट्रॉली घ्या. उद्या दोन्ही वरणगावच्या स्वयंपाकघरात जातील. पुढच्या खोलीत फरशी न उखडता वर नुसतं अंथरायचं शीट टाका.

आता परवानगी. कमोडसाठी सीनियर सेक्शन इंजिनियर (वर्क्स) यांच्या नावे दोन प्रतींत अर्ज द्या आणि एका प्रतीवर पोच घ्या. त्यात क्वार्टर नंबर, टाइप, हातानं काढलेला साधा नकाशा आणि आजचे फोटो जोडा. आईंच्या गुडघ्यांबद्दल रेल्वे हॉस्पिटलच्या डॉक्टरांची चिठ्ठी जोडली तर अर्जाला वजन येतं. रेल्वेनंच काम करून द्यावं अशी विनंती करा. ते शक्य नसेल तर स्वखर्चानं, भिंतीला धक्का न लावता करू द्यावं आणि सोडताना सांगाल तसं पूर्ववत करून देईन, हेही त्यातच लिहा. "करा हो, काही होत नाही" असं साहेब तोंडी म्हणाले तरी मिस्त्री बोलावू नका. साहेबांची बदली होते, आणि क्वार्टर सोडताना तपासणीला येतो तो दुसराच माणूस असतो. तेव्हा निघालेली नुकसानभरपाई ग्रॅच्युइटीतून कापली जाऊ शकते.

माझे वडील सरकारी नोकरीत होते, आम्ही धुळ्याला सरकारी घरात राहायचो. पाण्याची ओढ होती म्हणून त्यांनी अंगणात पदरच्या पैशानं सिमेंटची टाकी बांधली. दुसऱ्याच वर्षी बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढवताना आई त्या टाकीपाशी थांबली होती, ते मला अजून दिसतं. तुमचा प्रश्न वाचल्यावर आधी तेच आठवलं.

म्हणून पीएफमधून आत्ता काढायचे ते जास्तीत जास्त 22 हजार, तेही लेखी परवानगी हातात आल्यावर. बाकीचे वरणगावसाठी राहू द्या. तिथे बांधलेल्या भिंतीचा खर्च पुढे घर विकायची वेळ आलीच तर नफ्याच्या हिशोबात धरता येतो, क्वार्टरमधल्या ओट्याचा धरता येत नाही. निवृत्तीनंतर नेहमीच्या भाड्यानं क्वार्टर ठेवता येतं ते चार महिने. पुढे आजारपण किंवा मुलांचं शिक्षण असं कारण लागतं, भाडं दुप्पट होतं, आणि मुदत संपली की दंडभाडं. तेव्हा वरणगावचं बांधकाम निवृत्तीच्या दीड-दोन वर्षं आधी सुरू व्हायला हवं. प्लॉटचा उतारा आणि एनएचे (बिगरशेतीचे) कागद पाठवा, त्याचा अंदाज पुढच्या पत्रात मांडू. आणि मायसाठी खुर्ची आणली का, तेही कळवा.