वाचकांचे प्रश्न: डेटा सेंटर आलं, आता पोरांच्या नोकरीचं आणि पाण्याचं काय?

प्रश्न: ताई, मी ठाण्यात राहतो, कॉलेजसाठी ऐरोलीला येतो. ऐरोली, रबाळे, महापे, जिकडे बघावं तिकडे बिनखिडक्यांच्या मोठाल्या बिल्डिंगा उभ्या राहतायत, डेटा सेंटर म्हणे. सगळी इथेच का?

उत्तर: डेटा सेंटर म्हणजे इंटरनेटवरचा डेटा साठवणाऱ्या आणि चालवणाऱ्या मोठ्या कॉम्प्युटरांची, म्हणजे सर्व्हरची, बिल्डिंग. ती इथे येतात कारण समुद्र आणि वीज दोन्ही जवळ आहेत. परदेशातून येणारं इंटरनेट समुद्राखालच्या केबलमधून येतं आणि त्यातल्या बऱ्याच केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, बँका आणि शेअर बाजारही मुंबईतच, आणि ठाण्याची खाडी ओलांडली की एमआयडीसीचा टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) हा औद्योगिक पट्टा, जो साठच्या दशकापासून कारखान्यांसाठीच आहे, म्हणजे मोठे प्लॉट, सबस्टेशन, रस्ते सगळं आधीच तयार. जुने केमिकलचे कारखाने बंद पडत गेले तशी जागाही मोकळी झाली. मागणी वाढली ती 2016 पासून, त्याच वर्षी डेटा स्वस्त झाला आणि युपीआय आलं. मग एप्रिल 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की पेमेंटचा डेटा भारतातच ठेवायचा, आणि 2022 च्या बजेटमध्ये डेटा सेंटरला इन्फ्रास्ट्रक्चरचा दर्जा मिळाला, त्यामुळे लांब मुदतीचं कर्ज मिळणं सोपं झालं. आज देशातली साधारण निम्मी क्षमता एकट्या मुंबई परिसरात आहे.

प्रश्न: माझा मुलगा आयटीआय इलेक्ट्रिशियन पास झालाय, आम्ही घणसोली गावातले. सगळे म्हणतात डेटा सेंटरमध्ये नोकऱ्याच नोकऱ्या, पण गेटवर गेला की सिक्युरिटीवालाच परत पाठवतो. कॉम्प्युटर इंजिनियरच लागतात का तिथे?

उत्तर: नाही हो ताई, उलट आहे, आणि हे मला अगदी मनापासून सांगायचंय कारण आपल्याकडची कितीतरी पोरं याच गैरसमजामुळे मागे राहतात. सर्व्हर ज्याचे असतात ती कंपनी बऱ्याचदा लांबूनच ते चालवते. बिल्डिंगमध्ये चोवीस तास माणूस लागतो तो वीज आणि एसीसाठी. 12 ऑक्टोबर 2020 आठवतंय ना, सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडची लाईट गेली होती, लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या? अशा वेळी डेटा सेंटरमध्ये आधी युपीएसच्या बॅटऱ्या लोड धरतात, त्या काही मिनिटंच पुरतात, तेवढ्यात डिझेल जनरेटर सुरू होऊन लोड घेतात, आणि एखादा जनरेटर नाही उठला तर काय करायचं हे शिफ्टमधल्या इलेक्ट्रिशियनला तोंडपाठ असावं लागतं. टायर थ्री (सेंटर किती भरवशाचं हे सांगणारा दर्जा) मिळालेलं सेंटर म्हणजे वर्षभरात मिळून जेमतेम दीड तास बंद राहिलं तर चालतं, त्याच्यावर नाही. म्हणून एचटी (हाय टेन्शन) पॅनल, युपीएस, जनरेटर, चिलर (एसीसाठी पाणी थंड करणारं मशीन) हे येणारा मुलगा तिथे हवाच असतो.

पण नोकऱ्याच नोकऱ्या हे मात्र खरं नाही. बांधकाम चालू असताना शेकडो माणसं असतात, एकदा सेंटर चालू झालं की एवढ्या मोठ्या बिल्डिंगला एका शिफ्टला मोजकीच माणसं, आणि तीही बरीचशी फॅसिलिटी, म्हणजे बिल्डिंगची वीज, एसी, देखभाल, सांभाळणाऱ्या कंत्राटदाराकडून घेतलेली. म्हणून गेटवर बायोडाटा देऊन काही होत नाही.

अप्रेंटिसशिपच्या रस्त्याने जा. कायद्याने 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते 15 टक्के, आणि ह्यात कंत्राटी माणसंही मोजतात. मुलाचं नाव सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर टाका, तिथे कंपनीच्या नावाबरोबर फॅसिलिटी मॅनेजमेंटवाल्यांच्या जागाही शोधा, आपल्या आयटीआयच्या प्लेसमेंटवाल्या सरांनाही सांगून ठेवा. सोबत वायरमनच्या लायसन्सचं बघा. एसी-रेफ्रिजरेशनचा एखादा शॉर्ट कोर्स जमला तर फारच उत्तम, कारण दोन्ही येणारा पोरगा कमी सापडतो. कंत्राटदाराकडे लागला तर पहिल्या महिन्यातच पीएफ खात्याचा युएएन हा कायमचा नंबर मागून घ्यायचा, लाजायचं नाही. आणि नोकरी लावून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर एक रुपया देऊ नका.

प्रश्न: आमच्या दिघ्यात नळाला पाणी कधी येईल सांगता येत नाही, आणि ही सेंटर्स म्हणे लाखो लिटर पाणी पितात. वीजही तीच खाणार. आम्ही काय करायचं?

उत्तर: काका, तुमचा राग मला पटतो. आधी विजेचं बघा, कारण तो आकडा जास्त मोठा आहे. एक मेगावॅटचा लोड महिनाभर अखंड चालला तर 7 लाख 20 हजार युनिट होतात, महिन्याला 240 युनिट वापरणाऱ्या 3000 घरांइतके, आणि इथे एकेक कॅम्पस कित्येक मेगावॅटचा असतो. आयर्लंडमध्ये 2023 साली देशातल्या एकूण वीजवापरातली 21 टक्के वीज डेटा सेंटर्सनी वापरली, सिंगापूरने तर 2019 मध्ये नवीन सेंटर्स काही वर्षं थांबवलीच होती. म्हणजे श्रीमंत देशांनाही हा हिशोब करावा लागला.

पाण्याचं मात्र प्रत्येक सेंटरचं वेगळं असतं. कूलिंग टॉवरवर चालणारं सेंटर पाणी वाफ करून उडवतं, एअर-कूल्ड, म्हणजे पंख्याच्या हवेने उष्णता बाहेर टाकणाऱ्या चिलरवालं पाणी फार कमी घेतं पण वीज जास्त खातं, आणि आपल्या दमट हवेत वाफेने थंड करणं तसंही कोरड्या गावाइतकं जमत नाही. त्यामुळे सगळीच लाखो लिटर पितात असं सरसकट म्हणू नका, समोरचा एअर-कूल्डचं उदाहरण देऊन तुमचं सगळंच म्हणणं मोडीत काढेल. नेमकं विचारा. एमआयडीसीचं पाणी बारवी धरणातून येतं, महापालिकेचं मोरब्यातून, आणि दिघ्यासारखी वस्ती एमआयडीसीच्या पाण्यावर असल्यामुळे कारखान्याला किती आणि वस्तीला किती हा प्रश्न तुम्ही विचारायलाच हवा. महापालिकेने ऐरोली आणि कोपरखैरणेला सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करणारे प्लांट उभारलेत, दोन्ही दिवसाला 2 कोटी लिटरचे, ते पाणी कारखान्यांसाठीच आहे. मला विचाराल तर कूलिंग टॉवरवाल्या प्रत्येक सेंटरला हेच पाणी सक्तीचं करावं, पिण्याचं पाणी मशीन थंड करायला जाता कामा नये.

चार-पाच सोसायट्या आणि गावातली मंडळं मिळून कुणा एका माणसाच्या नावाने एमआयडीसीकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका, 10 रुपये फी, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तीनच गोष्टी विचारा: कुठल्या प्लॉटवरच्या डेटा सेंटरला रोज किती पाणी मंजूर आहे, गेल्या वर्षी प्रत्यक्षात किती दिलं, आणि त्यात प्रक्रिया केलेलं पाणी किती. उत्तर आलं की त्याची झेरॉक्स घेऊन वॉर्ड ऑफिसला जा, आणि एक कॉपी आम्हालाही पाठवा, आम्ही इथे छापू.