पुराआधी उजेडाची सोय

भावा, महागडा इमर्जन्सी लॅम्प राहू दे. २०१९ च्या पुरात आमच्या सांगलीतल्या गल्लीत पाणी यायच्या आधीच लाईट गेली, तेव्हा कामाला आला तो पेनासारखा छोटा यूएसबी दिवा आणि पॉवर बँक.

हिशेब बघ. बँकेवर १०,००० एमएएच (मिलीअँपिअर-तास, म्हणजे किती वीज साठते ते) लिहिलं असलं तरी ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं असतं; यूएसबीच्या ५ व्होल्टला हाती येतात साधारण ६,०००. एक वॉटचा दिवा २०० मिलीअँपिअर खातो, म्हणजे तीसेक तास. जेवणापुरता रोज तीन तास लावलास तर दहा रात्री निघतात. पण मोबाईलही त्यावरच लावलास तर गणित बोंबललं. त्याला वेगळी बँक ठेव.

एक गंमत सांगतो. दिवा फारच बारका असेल तर काही बँका ‘काही जोडलेलंच नाही’ समजून मिनिटाभरात बंद पडतात. मी अंधारात तीनदा बटण दाबत बसलो होतो! म्हणून घेतल्या दिवशीच तासभर लावून बघ.

दिवा डोळ्यांवर नको, पांढऱ्या भिंतीकडे वळव. खोलीभर उजेड पसरतो. फुगलेली बँक वापरायची नाही. जून लागला की चार्ज करून प्लास्टिक पिशवीत, माळ्यावर.