टीटीची चाकं: पुढचं आणि मागचं वेगवेगळं ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वजन ५८ किलो, रिम ब्रेकची रोड सायकल, वर क्लिप-ऑन एरोबार (पुढे झुकून कोपरं टेकायला हँडलवर बसवायचे दांडे). सपाट हायवेवरची ४० किमीची टाइम ट्रायल (टीटी, म्हणजे एकट्याने घड्याळाविरुद्धची शर्यत) साधारण १ तास ८ मिनिटांत होते, पुढे गोव्याची ७०.३, म्हणजे अर्ध्या आयर्नमन अंतराची ट्रायथलॉन, करायची आहे. मग ५० मिमी खोल रिमच्या चाकांची जोडी घ्यावी, ८० ची, की सरळ डिस्क, म्हणजे आऱ्यांऐवजी सलग तबकडी असलेलं चाक?

मी म्हणेन, जोडी म्हणून विचारच करू नका. दुकानदार जोडी विकतो म्हणून आपण जोडीने विचार करतो, पण वाऱ्यात दोन्ही चाकांचं वागणं अगदी वेगळं असतं.

आधी मागचं चाक, कारण तिथे फारसं डोकं खाजवायला नको. ते हँडलला जोडलेलं नाही. आडवा वारा त्यावर आदळला तरी सायकल बाजूला ढकलल्यासारखी वाटते, पण हँडल फिरत नाही, शिवाय तुमचं बरंचसं वजनही त्याच्यावर असतं. म्हणून मागे जितकं खोल तितकं चांगलं, आणि सगळ्यात खोल म्हणजे डिस्क. वारा थोडा तिरका असला की डिस्कचा फायदा उलट वाढतो, ती शिडासारखं काम करते. वारा तिरका असणं ही नेहमीचीच गोष्ट आहे: तुम्ही ताशी ३५ किमीने जाताय आणि ताशी १० किमीचा वारा बरोबर आडवा येतोय, तर तो तुम्हाला समोरून सुमारे १६ अंशांतून लागतो. ताशी ५० ने जाणाऱ्याला तोच वारा ११ अंशांतून लागतो. म्हणजे व्यावसायिक रायडरपेक्षा तुमच्या-माझ्यासारख्यांनाच तिरका वारा जास्त भेटतो.

त्यासाठी कार्बन डिस्कच हवी असं मात्र नाही. आहे त्या मागच्या चाकावर प्लास्टिकचं आवरण बसवा, डिस्कचा बराचसा फायदा तिच्या किमतीच्या छोट्याशा भागात मिळतो. तुमचे रिम ब्रेक आहेत, तेव्हा आवरण ब्रेक ट्रॅकच्या (रिमवर ब्रेक घासतो त्या पट्ट्याच्या) आतच संपायला हवं. जोर लावल्यावर ते चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळीला) घासतंय का, हेही बघा. यूसीआयच्या (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या) नियमांनी होणाऱ्या शर्यतीत असं आवरण चालत नाही, तिथे ते फेअरिंग, म्हणजे फक्त हवा कापायला लावलेला जोड, धरलं जातं. ट्रायथलॉनमध्ये मागच्या चाकाला चालतं, पुढच्याला नाही. हवाईतल्या कोनाच्या आयर्नमन जागतिक स्पर्धेत तर डिस्कलाच बंदी असायची, आणि त्याचं कारणही तिथला आडवा वाराच.

आता पुढचं चाक. खरा निर्णय इथे आहे. खोल रिमवर झोत आला की तो चाकाला ढकलतोच, वर हँडलही फिरवतो. एरोबारवर दोन्ही हात जवळजवळ असतात, त्यामुळे हँडल सावरायला पुरेसा जोर मिळत नाही. ५८ किलोच्या माणसाला हे जास्तच जाणवतं. एकसारखा वाहणारा वारा सोसतो. त्रास देतो तो अचानक येणारा: पुलाचा कठडा संपतो तिथला, इमारतींच्या फटीतला, शेजारून गेलेल्या कंटेनरमागचा. तुम्हाला पुढे ५० मिमी पुरे, सरावाने फार तर ६०. कडा गोलसर, बोथट असलेली रिम निवडा. जुन्या, आतल्या बाजूला टोकदार होत जाणाऱ्या आकाराच्या रिम झोतात जास्त दचकतात. ८० चं पुढचं चाक कागदावर थोडं वेगवान असेल. पण त्याला घाबरून तुम्ही एरोबार सोडून उठून बसलात, तर ते थोडं कधीच वाहून गेलं. एकूण हवेच्या विरोधात सिंहाचा वाटा शरीराचा असतो, चाकांचा नाही.

जाहिरातीतले वॅट वाचताना तळटीप बघा. बहुतेक आकडे ताशी ४५ किंवा ५० किमीचे असतात. हवेसाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते, म्हणून ५० च्या वेगाला छापलेले २० वॅट तुमच्या ३५ ला सातच्या आसपास उरतात. याचा अर्थ हळू जाणाऱ्याला फायदा नाही असा मात्र नव्हे. हवेचा विरोध ३ टक्के घटला तर वेग सगळ्यांचाच साधारण १ टक्क्याने वाढतो. ६८ मिनिटं घेणाऱ्याचे त्यात ४० सेकंद वाचतात, ५० मिनिटांत येणाऱ्याचे ३०.

आणि वजन? सपाट टीटीत विसरा. अर्धा किलो जास्तीचं वजन, तेही सगळं रिमच्या कडेला आहे असं धरलं, तरी ते ३५ च्या वेगापर्यंत न्यायला २०० वॅटला पाव सेकंदही लागत नाही. १०० मीटर उंची चढताना तेच ओझं अडीच सेकंद खातं. कोपरे आणि चढ कमी असतील तर हलक्या चाकांसाठी मोजलेले पैसे फुकट.

टायर मात्र विसरू नका. सायकलच्या चाकांचे अभियंता जॉश पोर्टनर यांच्या नावाने ओळखला जाणारा ठोकताळा असा: रिमची बाहेरची रुंदी टायरच्या प्रत्यक्ष मोजलेल्या रुंदीच्या किमान १०५ टक्के हवी. टायरवर २५ छापलंय आणि फुगल्यावर भरतोय २७, तर रिम साधारण २८.५ ची लागेल. अरुंद रिमवर फुगीर टायर चढवलात तर खोल रिमचे पैसे बऱ्याच अंशी वाया. हुकलेस रिम (टायरची कड अडकवायला आत वळलेला ओठ नसलेली) असेल तर ५ बारच्या वर हवा भरायची नाही. टायर चांगला घ्या, आत लेटेक्स ट्यूब टाका, काही वॅट त्यातच मिळतात. मात्र कार्बन रिम, रिम ब्रेक आणि लांब घाटउतार असं एकत्र आलं की लेटेक्स नको, कारण ब्रेकने रिम तापते. घाटासाठी जुनी अ‍ॅल्युमिनियमची चाकं ठेवून द्या.

१९८९ च्या टूर द फ्रान्सची शेवटची टीटी ठाऊक असेलच, व्हर्साय ते पॅरिस, २४.५ किमी. आघाडीवर असलेल्या फ्रान्सच्या फिन्योंकडे दोन डिस्क होत्या, अमेरिकेच्या लेमाँडकडे फक्त मागे एक, पण लेमाँडकडे एरोबार आणि एरो हेल्मेट होतं. फिन्योंचा केसांचा शेपटा वाऱ्यावर उडत होता. बसण्याच्या जागी झालेल्या फोडाने फिन्यों बेजारही होता, हे मान्य. तरी त्या दिवशी लेमाँडसमोर त्याचे ५८ सेकंद गेले, आणि टूर ८ सेकंदांनी.

म्हणून पैसे या क्रमाने घाला: बाइक फिट आणि एरोबारवरची बसण्याची ढब, अंगाला घट्ट बसणारा सूट, हेल्मेट, टायर, मागचं आवरण, आणि मग ५० चं पुढचं चाक. ते सुटं मिळतं, आणि वापरलेलं घेतलंत तरी हरकत नाही, फक्त ब्रेक ट्रॅकवर फुगवटा किंवा भेगा नाहीत ना हे बोट फिरवून बघा. कार्बन रिमसाठीचे ब्रेक पॅड नवे लागतील; अ‍ॅल्युमिनियमवर वापरलेल्या पॅडमध्ये धातूचे कण रुतलेले असतात, ते कार्बन खरवडतात. पुढच्या चाकाला व्हॉल्व्ह एक्स्टेन्डरही (खोल रिमच्या बाहेर व्हॉल्व्ह पोचवणारी नळी) लागेल, मागे आवरणातून हवा भरायला वाकडं अडॅप्टर. दोन्ही गोव्याच्या बॅगेत आधीच टाकून ठेवा.