बाइकवाल्यांचे प्रश्न : कोकणात तंबू कुठला घ्यायचा आणि झोपायचं कशात

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच तंबूचे प्रश्न यायला लागतात, यंदाही आलेत. बरेचसे एकसारखे होते ते एकत्र केलेत, नावं छापत नाही, गावं तेवढी ठेवलीत.

प्रश्न (पुणे) : आम्ही दोघं नवरा-बायको, गाडी हिमालयन ४११. डिसेंबरअखेर ताम्हिणीतून उतरून दिवेआगर, हरिहरेश्वर, वेळास, आंजर्ले, गुहागर करत मालवणपर्यंत जायचंय, जमेल तिथे तंबूत राहायचं. दुकानदार म्हणतो फोर सीझन तंबू घ्या, एकदाच घ्या पण भारी घ्या. पैशाचा प्रश्न नाही. घ्यावा का?

नको. फोर सीझन तंबू बर्फासाठी आणि डोंगरावरच्या वाऱ्यासाठी बनवलेला असतो, आतलं कापड जवळजवळ बंद, जाळी नावापुरती, वजन जास्त. तो आंजर्ल्याला लावलात तर पहाटेपर्यंत दोघांचे उकडीचे मोदक होतील. दुकानात जे मांडलेलं असतं ना ते बहुतेक मनाली-लडाख डोळ्यापुढे ठेवून मांडलेलं असतं, आणि आपल्याकडचा त्रास थंडीचा नाहीच, दमटपणाचा आहे. किनाऱ्यावर ऐन डिसेंबर-जानेवारीतही रात्री १८-२० डिग्रीच्या खाली फारसं जात नाही, पण पहाटे दंव असं पडतं की गाडीची सीट पुसल्याशिवाय बसता येत नाही, त्यात तुमचा दोघांचा रात्रभराचा श्वास, ते सगळं पाणी बाहेरच्या कापडाला आतून चिकटतं आणि टपटपतं. मग लोक म्हणतात तंबू गळतो. गळत नसतो बहुतेक वेळा, तंबूला घाम आलेला असतो.

म्हणून तुम्हाला हवा थ्री सीझनवाला दुपदरी तंबू. आतला पदर जवळपास सगळा जाळीचा, वरचं फ्लाय वेगळं आणि दोन्हींच्या मध्ये बोटं जातील एवढी फट. दारं दोन, समोरासमोर. हे दोन दारांचं मी जरा जास्तच लावून धरतो, पण कारण आहे, आपल्याकडे दिवसा आणि संध्याकाळी वारा समुद्राकडून येतो आणि रात्री उशिरापासून सकाळपर्यंत उलटा जमिनीकडून समुद्राकडे, मतलई. एक दार पूर्वेला एक पश्चिमेला ठेवलंत तर दोन्ही वारे आरपार जातात, एकच दार असेल तर अर्धी रात्र कोंडून काढायची. आकाश निरभ्र आहे म्हणून फ्लाय काढून झोपू नका मात्र, दंवाने अंथरूण भिजतं. डोक्यावर फ्लाय राहू दे, बाजू गुंडाळून ठेवा.

दुसरी गोष्ट, तंबू फ्रीस्टँडिंगच घ्या, म्हणजे खुंट्या न ठोकता नुसत्या दांड्यांवर उभा राहणारा. कोकणात खुंटीला जमीन मिळत नाही हो. पुळणीवर लावलात तर वाळूत खुंटी धरत नाही, वर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर लावलात तर कातळात शिरत नाही. ट्रेकिंगच्या काठीवर उभे राहणारे हलके महागडे तंबू सगळे खुंट्यांच्या ताणावर असतात, ते इथे उगाच. वाळूत भाजीच्या कापडी पिशव्या वाळूने भरायच्या, दोरी बांधायची आणि हातभर खाली पुरायच्या, वारा सुटला तरी हलत नाहीत. सड्यावर दोरीला दगड बांधायचे, पण इथे एक विनंती आहे. रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, उक्षी, कशेळी, बारसू, तिकडे खाली कुडोपी, २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलीत ती. आजूबाजूला रचून ठेवलेले दगड उचलू नका आणि कातळावर चूल तर मुळीच नको, उष्णतेने कातळाचे कपचे उडतात. ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसात जाणार असाल तर सडा टाळाच, उघड्या माळावर सगळ्यात उंच वस्तू म्हणजे तुमचा तंबू आणि विजा दुपारनंतर कधीही.

माप : दोघांना थ्री पर्सन. टू पर्सन म्हणजे दोन माणसं चिकटून आणि हेल्मेट, जॅकेट, बूट बाहेर, आणि बूट बाहेर ठेवणं कोकणात बरं नाही, विंचवाला ती जागा फार आवडते. कापडावर १५००, २०००, ३००० असे मिलीमीटरचे आकडे असतात, म्हणजे एवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब कापड सहन करतं. हिवाळ्यासाठी वरचं २००० भरपूर झालं, तळ ३००० च्या पुढचा बघा. खाली ताडपत्री घालाल तर ती तंबूच्या तळापेक्षा चार बोटं लहान हवी, बाहेर डोकावली की दंवाचं पाणी तीच गोळा करून तुमच्या खाली आणते.

आणि जागा. पौर्णिमा बघून जाणार असाल तर नीट वाचा. आपल्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येचं मोठं उधाण बरोब्बर तुम्ही झोपल्यावर येणार. काल भरतीने टाकलेल्या काटक्या-शिंपल्यांची रेघ दिसते ना, तिच्यापासून बरंच वर, सुरूच्या बनाजवळ लावा, अगदी पाण्याकाठचा फोटो दिवसा काढून घ्या. माडाखाली नको. नारळाला डोळे असतात, तो माणसावर पडत नाही असं आमच्याकडे म्हणतात, झावळीला मात्र डोळे नसतात. आणि वेळास-आंजर्ल्याला वाळूवर तंबूच नको, कासवं अंडी घालायला येतात ते हेच महिने, उजेड आणि माणसांचा वावर दिसला की मादी तशीच परत फिरते. वेळासला गावात घरगुती राहायची छान सोय होते, तिथे दोन दिवस पाठीला गादी मिळू दे.

रस्ता चांगला निवडलाय. बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा तीन फेरीबोटी मिळतील. लादलेली गाडी बोटीत साइड स्टँडवर, गिअरमध्ये, आणि बोट लागेपर्यंत एकाने धरून उभं राहायचं.

प्रश्न (चिपळूण) : काका, कॉलेजला आहे, स्प्लेंडर आहे. तंबू, मॅट, स्लीपिंग बॅग सगळं मिळून चार हजारात बसवायचंय. ऑनलाइन एक तंबू आहे फोर पर्सन, वॉटरप्रूफ, फेकला की आपोआप उघडतो. कसा आहे?

बाबा रे, तो उघडतो आपोआप पण मिटताना त्याची भलीमोठी गोल चकती होते, ती स्प्लेंडरला कुठे बांधणार? शिवाय स्वस्तातले असे तंबू एकपदरी असतात, वर घामाचं पाणी लिहिलं ते तुला दुप्पट लागू. शिवणीवर आतून टेप चिकटवलेली आहे का तेही बघ, नसेल तर वॉटरप्रूफ हा शब्द फक्त खोक्यावर.

तंबू आत्ता घेऊच नको, असं सांगीन. एक बऱ्यापैकी ताडपत्री आणि चार दोऱ्यांची चौकोनी मच्छरदाणी घे, दोन्ही बाजारात मिळतात. दोन सुरूंच्या मध्ये दोरी ताणायची, त्यावर ताडपत्री उतरत्या छपरासारखी, आत मच्छरदाणी. मच्छरदाणीच्या कडा मॅटच्या खाली सगळीकडून घट्ट खोचायच्या, यात आळस नाही करायचा. रत्नागिरी जिल्ह्यात वाढलायस म्हणजे फुरसं तुला सांगायला नको, पण झोपलेल्या माणसाला त्रास जास्त मण्यारीचा, ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावलेलं पुष्कळदा कळतही नाही. खोचलेली मच्छरदाणी यावर खरंच उपयोगी आहे, डासांपुरती नाही ती. आणि चावल्याची नुसती शंका आली तरी सकाळची वाट बघायची नाही, चिरायचं-चोखायचं नाही, गच्च आवळून बांधायचं नाही, सरळ ग्रामीण रुग्णालय गाठायचं, आणि गाडी दुसऱ्याने चालवायची. म्हणून एकटा जाऊ नकोस.

मॅट फोमची घे, घडीची. हवेची नको, सुरूखाली ती काटेरी बोंडं पडलेली असतात, पहिल्याच रात्री भोक. स्लीपिंग बॅग नको. आईला विचारून घरातली हलकी चादर ने. पैसे उरतील त्यातून बॅटरी चांगली घे, डोक्याला लावायची.

प्रश्न (कुडाळ) : मी एकटीच फिरते, अॅक्टिव्हावर. भोगवे, निवती, शिरोडा असे छोटे मुक्काम करायचेत. स्लीपिंग बॅगवर ०, ५, १५ असे आकडे दिसतात, कुठली घेऊ? आणि तंबूऐवजी हॅमॉक चालेल का?

ताई, ते डिग्रीचे आकडे, एकाच बॅगवर तीन असतात, कंफर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. मोठ्या अक्षरात बहुतेक सगळ्यात कमी असलेला छापतात, तो एक्स्ट्रीम म्हणजे जीव कसाबसा वाचेल इतकाच, झोप लागायची नाही. बायकांनी कंफर्टचाच आकडा बघायचा, तो बायकांचं शरीर धरूनच काढलेला असतो. किनाऱ्यासाठी १५ कंफर्टची पुष्कळ, चेन पायापर्यंत उघडून गोधडीसारखी पांघरता येईल अशी. सिंथेटिक घ्या, पिसांची नको, पिसं दमट हवेत बसतात आणि ऊब जाते. आंबोलीला किंवा तिकडे दापोलीला वर जाणार असाल तर गारठा बराच जास्त, तेव्हा हीच बॅग, आत सुती चादरीची शिवलेली खोळ, आणि अंगात स्वेटर. खोळ तशीही घ्याच, घामेजलेलं अंग रोज बॅगला लागलं की तिला वास येतो आणि बॅग रोज धुता येत नाही, खोळ सकाळी उठल्यावर विहिरीवर धुवा, उन्हात सुकते. निघेपर्यंत नाही सुकली तर अॅक्टिव्हाच्या मागे बांधा.

हॅमॉक छान आहे हवेशीर म्हणून, जाळीवाला घ्या. पण पोफळीला बांधू नका, वाकते आणि वाडीवाल्याचं नुकसान. आंब्याला बांधायच्या आधी वर ओंबील (लाल मुंग्या) आहेत का बघा, एकदा अंगावर आले की रात्र गेली. फक्त एक, हॅमॉकमध्ये आडोसा नसतो, कपडे बदलायला तंबूच बरा. एकटीने उघड्या पुळणीवर राहू नका असंच म्हणेन, कुणाच्या तरी खळ्यात नाहीतर वाडीत लावा. संध्याकाळी उजेड असताना घरी जाऊन काकूंना विचारायचं, रात्री आठला दार वाजवायचं नाही. खाली तुमच्याकडे लोक नाही म्हणत नाहीत सहसा, उलट आत झोप म्हणून मागे लागतात, हे तुम्हाला मी काय सांगणार.

प्रश्न (डोंबिवली) : दोन वर्षांपूर्वीचा तंबू माळ्यावरून काढला तर आतून चिकट झालाय आणि कुबट वास येतोय. धुतला तर जाईल का?

नाही जाणार. कापडावरचा पीयूचा (पॉलियुरेथेनचा, पाणी अडवणारा) थर दमट हवेत विघटित होतो, चिकटपणा त्याचाच, एकदा सुरू झाला की थांबत नाही. वरचं फ्लाय खराब आणि जाळी चांगली असेल तर जाळी ठेवा, वर ताडपत्री वापरा. पुढच्या वेळी : आल्यावर गोड्या पाण्याने धुवायचा (साबण नको), सावलीत कडकडीत वाळवायचा, मूळ पिशवीत कोंबायचा नाही, जुन्या उशीच्या अभ्र्यात सैल ठेवायचा, आणि पावसाळ्यात उघडीप मिळाली की बाहेर काढून हवा द्यायची. चेनमध्ये वाळू आणि मीठ अडकतं तिथे जुना टूथब्रश. दांड्यांचे सांधेही पुसा, खाऱ्या हवेत अॅल्युमिनियमसुद्धा पांढरं पडून अडकतं.

प्रश्न (सातारा) : तंबू गाडीला कुठे बांधायचा? आणि रात्री गाडी कुठे लावायची?

विकत घ्यायच्या आधी दांड्यांची लांबी मोजा. स्वस्त फायबरच्या दांड्या मिटून ६० सेंटीमीटरपर्यंत जातात, सॅडलबॅगमध्ये ४०-४५ च्या वर काही मावत नाही. दांड्या कापडापासून वेगळ्या करा, कापड सॅडलबॅगमध्ये, दांड्या मागच्या सीटवर आडव्या, हँडलपेक्षा रुंद होऊ द्यायच्या नाहीत. जड सामान खाली आणि तुमच्या पाठीला लागून, मागे लोंबकळत नको, कुंभार्ली घाटाच्या वळणांवर पुढचं चाक हलकं वाटायला लागतं. आकड्यांचे रबरी दोर शक्यतो नको, सुटला तर चेनमध्ये नाहीतर डोळ्यात, बकलवाले पट्टे घ्या. सायलेन्सरच्या बाजूला कापड येत नाही ना, ते हाताने चाचपून बघा.

गाडी वाळूत नेऊ नका, रस्त्याच्या कडेला नाहीतर वाडीच्या आवारात. साइड स्टँडखाली चिऱ्याचा तुकडा किंवा फळी, रात्री दंवाने माती मऊ होते आणि स्टँड हळूहळू रुततो. तंबूची दोरी गाडीला बांधलेली फोटोत बरी दिसते, तसं करू नका, आणि गाडी पडलीच तर तंबूवर येणार नाही एवढं अंतर ठेवा. तंबूच्या आत स्टोव्ह लावायचा नाही, चहा बाहेर.