टेस्टरचा कान आणि सिनेमाचा आवाज

प्रश्न : ताई, मी २९ वर्षांचा आहे. हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. पगार चांगला आहे, पण कामात जीव रमत नाही. कॉलेजात फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या वेळी आमच्या एकांकिकेचं साउंड मी सांभाळायचो, तसा आनंद नंतर मिळालाच नाही. आता सिनेमाच्या साउंडमध्ये यायचं आहे. नोकरी सोडून एफटीआयआय या पुण्यातल्या चित्रपट-प्रशिक्षण संस्थेच्या प्रवेशाची तयारी करू का? एआय आल्यावर हे काम उरेल का? आणि घरचा हप्ता मीच भरतो, तर बाबांना काय सांगू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मी डायलॉग एडिटर आहे, म्हणजे सिनेमातले संवाद निवडून साफ करते, त्यामुळे अंधेरीतल्या माझ्या टेबलावरून जेवढं दिसतं तेवढंच खात्रीने सांगते.

नोकरी सोडायची की नाही हे नंतर बघू. आधी हे काम दिवसभर नेमकं कसं असतं ते ऐका. सेटवर कलाकाराच्या कपड्यात लपवलेला लेपल माइक असतो आणि डोक्यावर धरलेला बूम, म्हणजे लांब दांड्यावरचा माइक. दोन्हींचा आवाज माझ्याकडे येतो. एकेक वाक्य ऐकायचं आणि कुठल्या टेकमधलं, कुठल्या माइकचं घ्यायचं ते ठरवायचं. नऊवारीची सळसळ नेमकी लेपलवर येते. रडण्याच्या प्रसंगात हात चेहऱ्याकडे जातो आणि बांगड्या महत्त्वाच्या शब्दावर वाजतात. पारवे घुमत असतात, लांब जनरेटर चालू असतो, विजेची ५० हर्ट्झची घरघर असते आणि तिच्या जोडीला १०० आणि १५० हर्ट्झवरचे तिचेच पडसाद. एखादा शब्द खराब झाला, तर दुसऱ्या टेकमधला तोच शब्द आणून ओठांवर बसवायचा. कधीकधी शब्दातलं एकच अक्षर आणावं लागतं. दोन शब्दांमधली जागा नुसती कापून चालत नाही, तिथे भोक पडल्यासारखं ऐकू येतं. म्हणून सेटवर सगळ्यांना गप्प उभं करून त्या खोलीचा जो रिकामा आवाज, रूम टोन, रेकॉर्ड केलेला असतो, तो त्या जागी भरायचा. काहीच जमलं नाही तर कलाकाराला डबिंगला बोलवायचं. आणि तो सेटवर जसं बोलला, तसं बंद खोलीत क्वचितच बोलतो.

एका चित्रपटासाठी हे आठवडेच्या आठवडे चालतं. शेजारी कुणी नसतं. मला ते मनापासून आवडतं. एखाद्या नटाचा कापरा श्वास आवाजांच्या ढिगाऱ्यातून शाबूत बाहेर काढला की माझा दिवस सार्थकी लागतो. पण फिरोदियाचा आनंद वेगळा. तिथे टीम होती, रंगमंच होता, समोर ओरडणारं थिएटर होतं. तुम्हाला तो आनंद परत हवा असेल तर तो एडिटिंगच्या खोलीत सापडणार नाही. नाटकाचं साउंड किंवा सेटवरचं रेकॉर्डिंग तुमच्या स्वभावाला जास्त जवळचं असेल. हा फरक आधी स्वतःशी तपासा, कारण बाहेरून हे सगळं ‘साउंड’ म्हणून एकच दिसतं.

तपासायला नोकरी सोडावी लागत नाही. लघुपट करणारी मुलं पुण्यात भरपूर आहेत आणि आवाजाच्या बाबतीत ती बहुतेक अडलेली असतात. कुणाचा तरी दहा मिनिटांचा लघुपट मागून घ्या आणि रीपर हे आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर घ्या. ते ६० दिवस विनामूल्य वापरून बघता येतं, नंतरचा परवानाही परवडतो. शनिवार-रविवार बसा. तेच वाक्य चाळिसाव्यांदा ऐकतानाही उत्सुकता टिकली, तर पुढे जा.

आता तुमच्या टेस्टिंगबद्दल. पत्रात तुम्ही ते झटकून टाकलंत, याचं मला वाईट वाटलं. ओटीटीला जाणाऱ्या प्रत्येक चित्रपटाची क्यूसी, म्हणजे दर्जा-तपासणी, होते. आवाज आणि ओठ जुळतात का, कुठे क्लिक किंवा खंड आहे का, संवादाशिवायचा, नुसतं संगीत आणि इतर आवाज असलेला एम अँड ई ट्रॅक पूर्ण भरलाय का, हे कुणीतरी ओळीने तपासत असतं. लाउडनेसचे आकडे ठरलेले असतात. युरोपातल्या प्रसारणाचं आर१२८ हे मानक २०१० साली आलं, ते उणे २३ एलयूएफएसचं (एलयूएफएस हे लाउडनेस मोजायचं एकक). नेटफ्लिक्सला संवादावर मोजलेला उणे २७ लागतो. असा दोष शोधायचा, टाइमकोडसकट, म्हणजे चित्रपटातल्या नेमक्या वेळेसकट, नोंदवायचा आणि दुरुस्तीनंतर पुन्हा तपासायचा, हे तुम्ही रोज करता. या दारातून आत येणं तुम्हाला सगळ्यात सोपं जाईल, आणि आत आल्यावर एडिटर, मिक्सिंग इंजिनिअर सगळे भेटतात.

कोडिंग येत असेल तर ते अजिबात सोडू नका. चित्र लॉक झालं, म्हणजे संकलन पक्कं झालं, म्हणतात आणि तरी दिग्दर्शक दृश्यं कापतो. मग आमचे सगळे ट्रॅक नव्या कटप्रमाणे सरकवावे लागतात. जुन्या-नव्या कटची ईडीएल म्हणजे टाइमकोडच्या ओळी असलेली साधी टेक्स्ट फाइल. दोन्ही ताडून काय सरकलं ते दाखवणारी पायथन स्क्रिप्ट लिहून बघा. अशी साधनं विकत मिळतात, पण स्वतः लिहिलीत तर काम आतून कळेल. रीपरमध्येही लुआ किंवा पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिता येते. स्क्रिप्ट लिहू शकणारा सहायक आमच्याकडे फार दुर्मीळ आहे.

एफटीआयआयबद्दल. ध्वनीचा तिथला पदव्युत्तर अभ्यासक्रम तीन वर्षांचा, पूर्णवेळ आहे. २००९ साली ऑस्कर मिळवणारे रसूल पूकुट्टी तिथलेच. शिक्षण उत्तम आहे आणि तिथली मैत्री जन्मभर पुरते. पण हप्ता तुमच्या डोक्यावर असताना तीन वर्षं पगाराविना काढणं मला पटत नाही. संस्थेचे लघु अभ्यासक्रम असतात, आधी त्यातला एखादा करा.

एआयबद्दल खोटा धीर देणार नाही. नुसता गोंगाट पुसण्याचं काम, ज्यावर नवी मुलं हात बसवायची, ते आटत चाललंय. पण ‘लगान’नंतर, २००१ पासून, हिंदीत सेटवरचाच आवाज ठेवण्याची पद्धत रुळली ती अभिनयासाठी. कुठल्या टेकमधला हुंदका खरा आहे, हे ठरवायला दृश्य समजलेला माणूस लागतो. तुम्ही त्या बाजूचे व्हा. नाटकं बघा, माणसं बोलताना ऐका.

बाबांना स्वप्न सांगत बसू नका, हिशोब दाखवा. मालिकांच्या कामाचे पैसे नव्वद दिवसांनी मिळण्याची रीत आहे, चित्रपटाचे त्याहूनही लांबतात. स्वतंत्र काम करणाऱ्याच्या बिलातून बहुधा १० टक्के टीडीएस कापला जातो, तो परत मिळवायला रिटर्न भरावा लागतो. त्यामुळे किमान वर्षभराचा हप्ता आणि घरखर्च बाजूला असल्याशिवाय राजीनामा देऊ नका. काम घेताना रक्कम, ती किती टप्प्यांत मिळणार आणि किती वेळा बदल करून देणार, हे ईमेलवर लिहून घ्या, आणि थोडी आगाऊ रक्कम मागायला लाजू नका. पहिला लघुपट झाला की फाइल मला पाठवा, मी हेडफोन लावून नीट ऐकेन आणि टाइमकोड घालून कळवीन.